पहिला घाव

दुकानातल्या मनोजने दोरी ओढली आणि लाकूड कापायची चेनसॉ अशी किंचाळली, की भिकाजी पगारे मागे सरकताना फावड्यांच्या ढिगावर आदळले.

"काका, बंद केली हो," मनोज हसला. "या, हात लावून बघा. चावत नाही."

"आणि चावली तर?"

मनोजचे हसू जरा कमी झाले. "खरं सांगू? पट्टीचं टोक लाकडाला लागलं तर मशीन उलटी तोंडावर येते. म्हणून दोन्ही हातांनीच धरायची. उजवा मागं, डावा पुढं."

"उजवा हात चालत नसेल तर?"

"मग घ्यायचीच नाही."

गंगापूर रोडच्या त्या दुकानात पंखा चालू असूनही भिकाजींचा सदरा पाठीला चिकटला. ओझरच्या कारखान्यातल्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्यात त्यांची नोकरी सरली होती. पेन्सिलीला टोक काढतानाही ते श्वास रोखून धरत.

"वायरची हलकी आहे," मनोज म्हणाला, "पण वायर झाडापर्यंत न्यायची कशी? बॅटरीची बारीक फांद्यांना बरी. काम किती?"

"वर्षातून एखाद्या वेळी. पण लाकूड जाड."

"किती जाड?"

भिकाजींनी स्वतःची कंबर दाखवली.

"मग पेट्रोलचीच. झाड कुठलं?"

"पिंपळ."

मनोजचा हात मशीनवर थांबला. "कापणार कोण?" त्याने हळूच विचारले.

तोच तर प्रश्न होता. गेल्या वादळात पिंपळाची मोठी फांदी बेचक्यात चिरली होती. खाली भिकाजींच्या दोन खोल्या होत्या आणि फांदी दोन्ही पत्र्यांवर वाकली होती. आत त्यांची बायको ललिताबाई, उजवी बाजू लुळी पडलेल्या, खाटेवर असत. वारा सुटला की पाने पत्र्यावर घासत. भिकाजी पुस्तक उघडून खाटेशेजारी बसत, पण पान उलटले जात नसे.

छाटायची परवानगी मिळाली, माणूस मिळेना. लाकूडतोडे म्हणत, पिंपळाला हात लावणार नाही. कॉलनीतले आपले लोक बोधिवृक्ष म्हणून मागे सरत. हो म्हणाला तो एकटा फकिरा, पण त्याची अट होती.

"माझी मशीन पिंपळाला नाय लावणार, दादा. मग मला कोण काम देईल? मशीन तुमची पायजे. आन् पहिला घाव झाड लावणाऱ्याचा. आमच्यात तसंच हे. पुढचं समदं मी करतो."

झाड ललिताबाईंनी लावले होते. बुद्धपौर्णिमेला, वितभर रोप, डालड्याच्या डब्यातून आणलेले.

"डाव्या एका हातानं धरता येईल अशी एखादी नाही का?" भिकाजींनी मनोजला शेवटचे विचारून पाहिले.

"काका, तशी मशीन नसते."

त्यांनी पेट्रोलची घेतली. रिक्षात खोके मांडीवर होते. प्रत्येक खड्ड्याला आतले लोखंड हलले की ललिताबाईंचा एकुलता चालता हात त्यांच्या डोळ्यांपुढे येई.

घरी त्यांनी अडखळत सगळे सांगितले. ललिताबाईंनी खोक्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. जीभ जड होती, तरी शब्द नीट आला.

"घाबरट."

सकाळी फकिराने शिडी आणि दोर आणला. दोघांनी ललिताबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बुंध्यापाशी नेले. वर फांदी करकरली. भिकाजी मशीन उचलून खुर्चीमागे उभे राहिले.

"फकिरा, असं करू. मी मागून धरतो, तिचा हात नुसता वर ठेवू. काही झालं तर आधी माझा..."

"येडं का काय, दादा?" फकिराने मशीन काढून घेतली. "वैनीच्या हातात ही देता व्हय? पहिल्या घावाला कोयता नाय लागत का मशीन नाय लागत. झाडाला कळलं पायजे, आपल्याच माणसानं सांगितलं. बास."

"हे आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही इचारलंच नाय."

दोघे बोलत होते तोवर ललिताबाईंनी डावा हात पुढे केला होता. बुंध्यातून एक तांबूस कोंब फुटला होता. त्याच्या देठात त्यांनी अंगठ्याचे नख रुतवले. चीक आला, पांढरा, दुधासारखा. कोंब तुटेपर्यंत त्यांनी नख काढले नाही. ओठ हलले, झाडाला काय म्हणाल्या ते भिकाजींना ऐकू आले नाही.

फकिराने हात जोडले.

मग खुर्ची भिंतीपलीकडे नेली, आणि दोर बांधून फकिरा वर चढला. मशीन सुरू झाली तसे भिकाजींनी डोळे गच्च मिटले. लाकूड कडाडले, जमीन हादरली, आणि मग नुसती पानांची सळसळ उरली. डोळे उघडले तेव्हा पत्रे जागच्या जागी होते. ललिताबाई वर पाहत होत्या, जिथे आता नुसते आभाळ होते.

चिकाचा डाग नखावर तपकिरी होऊन बसला. साबणाने गेला नाही.

रविवारी भिकाजी नेहमीसारखे नेलकटर घेऊन खाटेशी बसले. त्यांनी चष्मा पुसला, ललिताबाईंची एकेक करून बाकीची नखे कापली, आणि डाव्या अंगठ्यापाशी येऊन हात तसाच चादरीखाली ठेवून दिला.