आणखी दहा मिनिटं

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले तशा प्रमिलाबाई मनातल्या मनात म्हणाल्या, आता गरम मॉप ठेवले असतील. शेजारी बसलेल्या लेकीला त्यांनी हे सांगितलं नाही. धम्मदीपा कधीची फोनवर तेच ते वर-खाली सरकवत होती, आणि आत थिएटरमध्ये तिच्या वडिलांचं पोट तीन दिवसांत दुसऱ्यांदा उघडलेलं होतं.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं बाई ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. अडकलेलं आतडं सोडवलं की काळंनिळं दिसतं. ते मेलंय की नुसतं घुसमटलंय, हे तिथल्या तिथं सांगता येत नाही. मग गरम सलाइनमध्ये भिजवलेले मॉप, म्हणजे जाड कापडी घड्या, त्याच्याभोवती गुंडाळायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. गुलाबी झालं, चकाकी आली, चिमट्यानं डिवचल्यावर हललं, तर ठेवायचं. नाहीतर कापायचं. तिथले हरिहर सर हाताला मोठे हुशार, पण जीव हळवा. "आणखी पाच मिनिटं बघू की," म्हणायचे, आणि मग मास्कमधूनच हळूच विचारायचे, "सिस्टर, काय वाटतं?" रंग परतत नसला की बाई सांगायच्या, "नाही येत, सर." सर मुकाट्यानं कात्री मागायचे. बाईंचा डोळा चुकत नाही, असं सगळा दवाखाना म्हणायचा. बाईंना त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोला.

आणि अशा बाईच्या घरात शिवाजीरावांचा हर्निया बारा वर्षं नांदत होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर जड उचलून कमावलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं, "पुढच्या हिवाळ्यात बघू." जांघेत फुगा आला की पलंगावर आडवे व्हायचे आणि हाक मारायचे, "ओ शिष्टर, दाबा की जरा." बाई हलक्या हातानं दाबून तो आत सारायच्या, चार शब्द सुनवायच्या, की झालं.

मंगळवारी सकाळी परदेशात, फेल्डहोवनला लेकीच्या घरी, तो पुन्हा वर आला. या वेळी टणक होता, आणि हात लावू देत नव्हता. दुपारी धम्मदीपाच्या पीएचडीचा समारंभ होता. इथला थाट वेगळाच. झगे घातलेले प्राध्यापक सगळ्यांसमोर पाऊण तास प्रश्न विचारतात, मग एक बाई मानाचा दंड घेऊन येते आणि वेळ संपल्याचं पुकारते. लेकीनं आईबापांसाठी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. त्यासाठी शिवाजीरावांनी सूट शिवला होता, आयुष्यातला पहिलाच. खोलीचं दार लावून ते दबक्या आवाजात म्हणाले, "पोरीला बोलायचं नाई. तू दाब. दाब म्हंतो ना."

टणक झालेला, दुखरा हर्निया दाबायचा नसतो. किती शिकाऊ पोरींना बाईंनी हे खेकसून सांगितलं असेल. त्याच बाईंनी तो दाबला. एकदा नाही, दोनदा नाही, घाम फुटेस्तोवर दाबला, आणि शेवटी तो आत गेला. अर्धमेलं आतडं तसंच्या तसं पोटात गेलं आणि तिथं उरलेल्या आतड्याला घेऊन पिळलं. शिवाजीराव समारंभात ताठ बसले, टाळ्या वाजवल्या, फोटो काढून घेतले. संध्याकाळी म्हणाले, "बघ, दुखायचं थांबलं." दुखणं असं एकाएकी थांबतं तेव्हा आत काय झालेलं असतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि नवऱ्याला मऊ भात कालवून दिला. बुधवारी सकाळी ते बाथरूमच्या दारात कोसळले.

पहिल्या ऑपरेशनमध्ये दोन मीटर आतडं काढलं. उरलेल्याचा भरवसा नव्हता, म्हणून पोट न शिवता तसंच झाकून ठेवलं. आज त्याचाच निकाल होता. उरलेलं जगलं तर माणूस जगणार होता.

साडेअकराला बाईंना राहवेना. "धम्मा, तो हर्निया मी दाबला," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी. तुझ्या समारंभाच्या आधी."

धम्मदीपानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला का नाही सांगितलंस? मी कॅन्सल केलं असतं, आई. पुढच्या महिन्यात झालं असतं."

"तू कॅन्सल करशील म्हणूनच नाही सांगितलं."

लेक उठून खिडकीपाशी गेली. बाईंनी तिला थांबवलं नाही. तिनं तोंडावर चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरंच वाटलं असतं.

तेवढ्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मार्लुस आल्या. उंच, डोक्यावर अजून टोपी, हातात टॅबलेट. इथली माणसं आडवळणानं बोलत नाहीत. गरम मॉप ठेवून थांबलो, त्यांनी सांगितलं, मग हिरवा डायही देऊन पाहिला. जिथे रक्त पोहोचतं तिथे तो चमकतो, आणि जवळपास कुठेच चमकला नाही. सगळं काढता येईल, पण त्यातून ते वाचतील असं मला वाटत नाही, आणि मी तसं सुचवणार नाही. धम्मदीपा इंग्रजीत भराभर बोलत राहिली, अजून थांबा, पुन्हा गरम ठेवा, उद्या परत बघा.

बाईंनी हात पुढे केला. "कलर, डॉक्टर. आय सी. थिएटर सिस्टर, थर्टी वन इयर्स."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि आतड्याचा फोटो उघडून टॅबलेट त्यांच्या हातात दिला.

राखाडी, मधेच काळं. चकाकी नाही. ओल्या चिंधीसारखं पडलेलं. बाईंना एका नजरेत कळलं होतं, तरी त्या बघत राहिल्या. कुठे चार बोटं तरी गुलाबी असेल, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत गेल्या, आणि पुन्हा उलट्या आल्या.

लेक जवळ येऊन बसली. तिनं आईचं मनगट धरलं.

"आई, तुला काय वाटतं?"

हा प्रश्न बाईंना एकतीस वर्षं विचारला गेला होता. उत्तर देताना त्यांचा आवाज कधी हलला नव्हता, तो आज हलला.

"नाही येत, बाळा." मग टॅबलेट परत करत त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "क्लोज, डॉक्टर. यू क्लोज."

दुपारी शिवाजीरावांना खोलीत आणलं. वेदना होऊ नयेत इतकंच औषध चालू होतं, त्यात ते झोपून होते. खिडकीबाहेर सायकलच्या रस्त्यावरून पोरं शाळेतून घरी चालली होती. धम्मदीपा फोनवर समारंभातला फोटो उघडून वडिलांच्या उशाशी बसली. फोटोत त्यांचा एक हात लेकीच्या खांद्यावर होता आणि दुसरा कोटाच्या आत, पोटावर.

बाईंनी बेसिनपाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, सवयीनं. एक फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं, नवऱ्याच्या थंड बोटांभोवती गुंडाळलं आणि घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं.

साडेतीनला त्यांनी फडकं काढलं. नखं निळसरच होती. बाईंनी ती नीट पाहिली, मग फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि आणखी दहा मिनिटं ठेवलं.