ढिगातून परत आलेली कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे आणि हे सांगताना माझी मान मुळीच खाली जात नाही. माझ्या डोक्यावरची गादी तीनदा बदलली आहे. तळाची रबरे किती झिजली, याची तर मोजदादच नाही. मधल्या दांडीवर दातांचे व्रण दिसतात, ते एका कुत्र्याचे. तो पळून गेला, मी अजून कामावर आहे.

माझा मालक पुस्तकबांधणी करतो. लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा दुकानातली कागदाच्या गठ्ठ्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली आणि उजवा पाय कायमचा निकामी झाला. डॉक्टरांनी हात टेकले. त्याचे सासरे सुतार होते. त्यांनी चर्चमधल्या एका मोडक्या बाकाचे लाकूड आणले आणि एका दुपारात मला घडवले. मला त्याच्या काखेत बसवून ते म्हणाले, "जावईबापू, बिनधास्त भार टाका. लाजायचं काही कारण नाही."

त्याला आता बावीस वर्षे झाली. पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एखादी जीर्ण प्रत दुरुस्तीला आली की शिवण्याआधी सुटी पाने क्रमाने लावायची आणि लावता लावता वाचायची, अशी मालकाची खोड आहे. त्यामुळे ज्या पानांकडे सहसा कोणी वळत नाही, तीही त्याला ठाऊक झाली. त्या पानांत तुरुंगात खितपत पडलेले येशूचे प्रेषित त्याला भेटले. तीनदा देवाकडे मागूनही ज्याच्या अंगातला काटा, म्हणजे जुने दुखणे, निघाला नाही, तो माणूसही भेटला. "पाय बरा कर, असं मीही रोज मागतो," मालक म्हणे. "उत्तर काय द्यायचं, ते देवाकडे." त्या काळी चर्चमध्ये माझेही कौतुक होई. माझी खटखट ऐकू आली की मागच्या बाकावरच्या बायका हसून म्हणत, "आले हो, आता प्रार्थना सुरू करा."

मग एक पाहुणा उपदेशक आला. उंचापुरा, आवाज खणखणीत. खरा विश्वास असेल तर आजार टिकत नाही, आणि टिकला तर विश्वासातच खोट आहे, असे तो सांगे. तीन सभा झाल्या आणि मालकाच्या बायकोच्या मनाने घेतले. तिला दोष देऊ नका. नवऱ्याला जिना चढताना पाहून बावीस वर्षे तिचा जीव तुटत होता. तिने मला कपाटामागे कोंबले. "चार दिवस हिच्याशिवाय राहून बघा ना," ती म्हणाली, "माझ्यासाठी तरी." तो बिचारा भिंती धरून चालू लागला. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारात पडला आणि कपाळाला चार टाके पडले. मी कपाटामागे धूळ खात ते सगळे ऐकत होते आणि माझा नुसता तिळपापड होत होता.

तरीही रविवारच्या सभेला तिने त्याला नेलेच. तिथवर जाण्यासाठी मलाच बाहेर काढावे लागले, ही गंमत कोणाच्या लक्षात आली नाही.

मंचाजवळ फेकलेल्या काठ्यांचा ढीग होता. आमच्या आधी एका म्हाताऱ्या सुईणबाईंना पुढे बोलावले. निम्म्या वस्तीची बाळंतपणे त्यांच्याच हातची. त्यांनी काठी फेकली आणि त्या सात पावले चालल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्या मंचाच्या कडेला खाली बसल्या, त्या बसल्याच. त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, कारण आता आमची पाळी होती.

"फेक ती कुबडी!" उपदेशक गरजला.

"नाही फेकणार," मालक म्हणाला.

माझ्या दांडीवरची त्याची पकड घट्ट झाली.

"म्हणजे देव बरं करतो, हे तुला मान्य नाही?"

"आहे की. तो करू शकतो. पण केलंच पाहिजे, असं त्याने मला कुठे लिहून दिलेलं नाही. साहेब, तुम्ही एकच सुटं पान हातात धरून बोलताय. मागची-पुढची पानंही त्याचीच आहेत."

"तुझा विश्वास कमी पडतोय!"

"पडत असेल. ज्याच्यावर ठेवलाय, तो कमी पडत नाही."

उपदेशकाच्या मदतनिसाने मला हिसकावले आणि ढिगावर भिरकावले. मालक एका पायावर डुलत उभा राहिला. तो चालतो की पडतो, ते बघायला लोकांनी माना उंचावल्या. तेवढ्यात त्याची बायको उठली. खुर्च्या बाजूला सारत ती थेट ढिगापाशी आली, तिने मला उपसून काढले आणि सुईणबाईंची काठीही शोधून काढली.

"यांच्या कपाळावरचे टाके बघा," ती उपदेशकाला म्हणाली. "ते माझ्यामुळे पडलेत, तुमचं ऐकून. आता पुरे." मग मला नवऱ्याच्या काखेत देत म्हणाली, "चला. मावशींनाही घरी सोडायचंय. त्यांना उठवत नाहीये."

त्या दिवसापासून दोन-चार घरांनी आमच्याशी बोलणे टाकले. टाकू देत. सुईणबाई मात्र रोज दुकानात येतात आणि तेच विचारतात, "माझ्यातच खोट होती का रे?" मालक सुई खाली ठेवतो, "नाही, मावशी," म्हणतो आणि समोर असेल त्या प्रतीतून त्यांना वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात. एका म्हातारीच्या मनात एवढी भीती घालून तो उपदेशक निघून गेला, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, कुबडी जपून वापरा, तिचे रबर वेळेवर बदला, हे मी सांगतेच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. दुखणे सोसणाऱ्या माणसाच्या विश्वासाचे माप काढू नका. त्याच्या हातातला आधार सोडवणार असाल, तर आधी त्याला घरापर्यंत पोहोचवायची तयारी ठेवा.

मालकाचा पाय अजून तसाच आहे. देव मेलेल्यांना पुन्हा जिवंत उठवील त्या सकाळी आपण दोन्ही पायांवर उभे राहू, असा त्याचा विश्वास आहे, आणि आता माझाही. त्या सकाळी मला खुशाल जाळून टाका, मी हू की चू करणार नाही. तोवर मात्र मला त्याच्या काखेतून काढायला कोणी येऊनच बघावे.