शेवटचा हात तांडेलाचा

मी परात बोलतेय, पितळेची. माझे पोचे बघून कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. मला कुणाची कीव नको, आणि मोडीत तर मी जाणारच नाही.

देश स्वतंत्र झाला त्या साली कोकिळाने मला उरणच्या बाजारातून आणलं. तिचा नवरा अंबाजी एका मचव्याचा मालक, आणि समुद्रात तो मचवा हाकणारा, खलाशांना हुकूम देणारा तांडेलही तोच.

"एवढी मोठी कशाला गो?" त्याने विचारलं.

"सगल्यांचं हात मावाया नकोत?" कोकिळा म्हणाली.

मावायचे सगळ्यांचे. जाळं ओढून झालं की माझ्यात गरम भात ओतायचा, मधोमध बोंबलाचं कालवण, आणि भोवती खलाशी गोल बसायचे. मालक असला तरी अंबाजी त्याच परातीत जेवायचा. फक्त त्याचा हात सगळ्यांच्या शेवटी पडायचा. सगळ्यांना पोटभर मिळालं, हे बघूनच तो घास उचलायचा.

एकदा भर समुद्रात वारा पडला. शीड लोंबकळलं, मचवा जागच्या जागी डुलत राहिला आणि तांदूळ संपत आला. त्या दुपारी माझ्यात भात पडला तो जेमतेम. शेवटी अंबाजीने हात घातला, माझ्या कडेवरून बोटं फिरवली, तोंडाशी नेली आणि ऐटीत ढेकर दिला. त्या बोटांना एक शीतही लागलं नव्हतं. मला कोण फसवणार? बोटं माझ्यावरूनच फिरली होती ना! आणि खलाशीही काही आंधळे नव्हते. गुणाजी नावाचा तरणा खलाशी मुकाट्याने उठला आणि त्याने वल्हं धरलं. मागोमाग बाकीचे उठले. किनारा दिसेपर्यंत कुणाला एका शब्दाने सांगावं लागलं नाही.

पुढे अंबाजी गेला. त्याचा मुलगा शिवदास तांडेल झाला आणि त्याने मचव्याला इंजिन बसवलं. इंजिनाशी माझं भांडण नाही, बिचारं राबतं. माझं भांडण त्याच्या ताटाशी होतं. स्वतःपुरतं एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट आणून तो बाजूला बसू लागला. आधी त्याचं ताट भरायचं, मग उरलेलं माझ्यात यायचं.

"मालक न् खलाशी एका परातीत जेवलं, तर हुकूम कोन मानंल?" असं तो म्हणे.

एके दिवशी जाळ्याच्या दोराने अनंता खलाशाचा तळवा सोलून निघाला. शिवदास जेवत होता. ताटावरून न उठताच तो ओरडला, "आदी जालं वर घ्या, मंग बघू हाताचं!"

जाळं वर आलं. नंतर अनंताला घास उचलेना, तेव्हा गुणाजीने त्याला माझ्यातला भात भरवला. माझा नुसता संताप झाला, पण पितळेला ओरडता कुठे येतं?

नारळी पुनवेला नवा हंगाम सुरू व्हायचा होता, तेव्हा गुणाजी सगळ्यांना घेऊन शिवदासच्या दारात उभा राहिला. "आमी येत न्हाय."

"वाटा वाढवून पायजे काय?"

"वाटा र्‍हाऊ दे. तुजं ताट परातीजवल आन. एवढंच."

शिवदास भडकला. "त्या परातीचीच मोड करतो!"

आणि खरंच मला तांबटाकडे घेऊन गेला. तांबटाने पहिला हातोडा घातला तशी मी अशी काही ठणाणले की अख्खा बाजार वळून बघायला लागला. कडेचा हा मोठा पोचा तेव्हाचा. दुसरा घाव पडायच्या आत गुणाजी दुकानात शिरला. खलाशांनी पैसे गोळा करून मला सोडवलं, एक जुना शिडाचा मचवा भाड्याने घेतला आणि गुणाजीला तांडेल केलं.

शिवदासकडे नवे खलाशी यायचे आणि जायचे. एकही टिकला नाही. इंजिनाचा मचवा चिखलात बसून राहिला आणि शेवटी विकला गेला.

यंदा शिवदास आमच्या मचव्यापाशी आला. मान खाली. "गुणाजी, खलाशी पायजे काय?"

नको म्हण, नको म्हण, मी मनात घोकत होते.

"चढ," गुणाजी म्हणाला.

दुपारी भात ओतला. सगळ्यांचे हात पडले, शिवदासचा मात्र मांडीवरच. "मी शेवटी खातो," तो पुटपुटला. बहुधा त्याला ती शिक्षा वाटली असावी.

गुणाजी खेकसला, "शेवटचा हात तांडेलाचा! तो मान तुला न्हाय. जेव गप!"

शिवदासने घास घेतला. मी त्याला चटका द्यायचं ठरवलं होतं, पण नाही दिला.

सगळ्यांच्या मागून गुणाजीचा हात आला, तेव्हा माझ्यात फारसं काही उरलं नव्हतं. त्याने ऐटीत ढेकर दिला.

आता मला मोडीत घालायचं कुणाच्या मनात असेल, तर खुशाल या. पण आधी माझ्याभोवतीचे हे हात उठवून दाखवा.