थोरलीची प्लेट

त्या घरात काही म्हणजे काही वाया जात नसे. थोरलीचे फ्रॉक, थोरलीची सायकल, थोरलीचे बूट, सगळं यथावकाश धाकटीच्या वाट्याला यायचं, आणि आईला त्याचा कोण अभिमान! थोरलीचा मागे राहिलेला खालचा जबडा ज्या प्लेटनं पुढे आणला, तीही तिनं डबीत जपून ठेवली होती. धाकटीची हनुवटी अगदी तश्शीच. मग काय, प्लेट बसेना तेव्हा आईनं नखांच्या कानशीनं घासून ती बसवलीच.

आज ती डबी तिच्या पर्समध्ये होती. समोरच्या खुर्चीत धाकटी आ वासून पडली होती आणि तिच्या तोंडात आरसा धरून उभी होती तिची मावशी, दात-जबड्यांची डॉक्टर.

"ताई, तसली प्लेट हिला अजिबात नको," मावशी म्हणाली. "थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती, जबडा वाढत होता. ही सतराची, वाढ संपली. आता जबडा हलणार नाही, नुसते दात पुढे ढकलले जातील. त्यात हिची हिरडी पातळ."

चोराच्या मनात चांदणं! आईनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

मावशीनं खालचा पुढचा दात चिमट्यानं धरला. तो हलला. शेजारचाही हलला.

"या वयात? हाड झिजतंय की काय? रक्त तपासू. कदाचित हे दोन काढावे लागतील."

धाकटी छताकडे बघत राहिली. आईचं नाव तिनं घेतलं नाही. पोरीचं ते गप्प राहणंच आईला सोसवेना. तिनं डबी काढून ट्रेमध्ये ठेवली.

मावशीनं आपल्या हातची प्लेट ओळखली. "कधीपासून?"

"परीक्षा संपल्यापासून. रोज रात्री."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली.

"दात वाचतील ना गं?"

"प्लेट आजपासून बंद. बहुतेक घट्ट होतील. सरकलेली हिरडी मात्र आपोआप परत यायची नाही."

आईला रडू फुटलं. "अगं, दुखत होतं तर बोलायचं नाहीस?"

धाकटीनं चूळ भरली, तोंड पुसलं.

"बोलले होते की. तू म्हणालीस, ताईलाही दुखायचं."