चौदा नंबरची आठची गोळी

साल १९८१. वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. औषधांची ट्रॉली रोज सकाळी आठला एक नंबरच्या खोलीपासून निघायची आणि चौदा नंबरला पोचेपर्यंत साडेनऊ व्हायचे. चौदामध्ये शिंपीकाका आणि काकू. काकांना कंपवात होता. आठची गोळी लांबली की अंग लाकडासारखं व्हायचं. गोळी पोटात गेली की पाऊण तासाने तेच काका सुईत दोरा ओवायचे.

त्या दिवशी नऊला डॉक्टर तपासायला येणार होते. काका स्वतः उठून चालले नाहीत, तर त्यांना वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांत हलवायचं ठरलं होतं. काकूंना तिथे जागा नव्हती.

मी ट्रॉली उलटी फिरवली.

"अगं ए! एक नंबर इकडे आहे!" मेट्रनताईंनी येऊन दांडाच धरला. "शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"ताई, पाकिटावर आठ लिहिलंय. साडेनऊ नाही."

त्यांनी पाकीट उचलून वाचलं. मग दांडा सोडला. "निस्तर तूच."

काकांनी गोळी गिळली तेव्हा सव्वाआठ झाले होते. आणि साडेआठलाच डॉक्टर आश्रमाच्या दारात! मी धावत एक नंबर गाठला. तिथल्या मास्तरीणबाई फुरंगटून बसल्या होत्या.

"बाई, अर्धा तास अडवा त्यांना. काकांसाठी."

"माझी गोळी राहिली ती राहिली, वर हुकूम?" असं म्हणत त्या उठल्या आणि डॉक्टरांची वाट अडवून उभ्या राहिल्या. "बसा हो जरा. माझा गुडघा. पहिलीत पडले, तिथपासून सांगते."

डॉक्टर चौदामध्ये शिरले तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं. काका खाटेच्या कडेला बसलेले. पाय हलेना. काकूंनी उशाखालची मापाची टेप काढून त्यांच्या हातात दिली.

"उठा. गिऱ्हाईक आलंय."

काका उठले. एक पाऊल, थांबले. मग सहा पावलं सलग. डॉक्टरांचा हात धरून म्हणाले, "बाही आखूड आहे तुमची."

ती बाही काकांनीच लांब करून दिली. ते आणखी चार वर्षं चौदामध्येच राहिले आणि तिथेच गेले. काकू त्यानंतर दोन वर्षांनी. बाई एक्याण्णव वर्षं जगल्या, गुडघ्यासकट. मेट्रनताईंनी आठवड्याभरात ट्रॉलीला यादी चिकटवली: वेळेच्या गोळ्या आधी.

आता मीच अशा एका आश्रमात राहते, शेवटच्या खोलीत. आठला पाच कमी असले की माझे कान ट्रॉलीच्या चाकांकडे लागतात.