चार बोटं लांब बांबू

बल्लारपूरच्या वहाब पिंजाऱ्याला आपल्या कापूस पिंजण्याचा भारी गर्व. गर्व कसला, माजच म्हणा. तेव्हा १९५४ साली कोळसा खाणीचे म्हातारे मॅनेजर साहेब कायमचे विलायतेला निघाले आणि गोल्फच्या काठ्या बोटीने पाठवायच्या म्हणाले, तर पेटी भरून द्यायला हा आपणहून पुढे झाला. काठ्या साहेबांच्या वडिलांच्या. लाकडी, बारीक मानेच्या. बापाची तेवढीच वस्तू साहेबांजवळ उरली होती.

वहाबने जे येत होतं तेच केलं. पाच शेर कापूस मस्त फुलेस्तोवर पिंजला अन् पेटीत भरला. स्टेशनावर हमालाने पेटी आपटली, आत काहीतरी खुळखुळलं. परत आणून उघडली, तर फुललेला कापूस दबून तळाशी आणि सगळ्यात लांब काठीची मान मोडलेली. साहेब रागावले नाहीत. “जाने दो, वहाब,” एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री वहाबने भरलं ताट बाजूला सारलं.

“मोडली कोणती?” तांदूळ निवडता निवडता शमसुन्निसाने विचारलं.

“सगळ्यात लांब होती ते.”

“मंग तिच्याहून लांब काही ठेवा ना आत. मार थेच खाईन.”

वहाब बायकोकडे पाहतच राहिला. तीस वर्षांच्या संसारात या शहाण्याने तिला कामातलं कधी एक अक्षर विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हातापाया पडून त्याने पेटी पुन्हा मागितली. लांबातल्या लांब काठीहून चार बोटं जास्त असा भरीव बांबू मधोमध उभा केला. काठ्यांची डोकी चिंध्यांत गुंडाळून त्याला आवळली. आणि फाटक्या गाद्यांमधला जुना, गठ्ठा झालेला कापूस, ज्याला तो आजवर नावं ठेवत आला, तोच बोट शिरणार नाही इतका ठासला. खिळे ठोकले, पेटी उचलली आणि साहेबांच्या देखत ओट्यावरून खाली फेकली.

साहेबांनी तोंड फिरवलं. “भेज दो अब. मुझसे देखा नहीं जाएगा.”

सुटला असता वहाब. पेटी गेली असती, आत काय झालं ते समुद्रापलीकडे कळलं असतं. पण त्याने पकड घेतली आणि एकेक खिळा उपटला.

उरलेल्या काठ्या सगळ्या शाबूत होत्या. बांबू मात्र पेरापर्यंत उभा चिरला होता.

साहेबांनी वळून पाहिलं, प्रत्येक काठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत पेटी बंद करायला स्वतःच झाकण उचललं.

“अबी नाई साहेब,” वहाबने त्यांचा हात धरला. “हा बांबू मेला. बोटीपर्यंत अजून किती जण आपटतीन, कोणाले ठाऊक. मी दुसरा टाकतो, एक नाई, चार टाकतो.”

“मैं पकड़ता हूँ,” साहेब म्हणाले, आणि बांबू धरायला पिंजाऱ्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले.