अर्धा स्वर खाली

विद्यापीठाच्या संगीत विभागात दरवर्षी एक पाहुणा कलाकार यायचा. दोन आठवडे राहायचा, पोरांना शिकवायचा, शेवटच्या दिवशी मैफल करायचा आणि निघून जायचा. तो येणार म्हटलं की जिन्यातले गेलेले दिवे बदलले जायचे, नळांना पाणी यायचं, आणि एरवी स्वतःच्या वाढदिवसालाही न हसणारे विभागप्रमुख आठवडाभर आधीपासून हसायला लागायचे. पाहुणा गेला की नळ पुन्हा कोरडे आणि विभागप्रमुखही.

या धावपळीत ताईकडे कुणाचं लक्ष नसायचं. ताई विभागाची पियानोवादक. म्हणजे मैफली गाजवणारी नव्हे, साथ करणारी. परीक्षेला पोरं गायला उभी राहिली की मागे ताई बसलेली. कुणी घाबरून एक ओळ गाळली तर ताईही त्याच्याबरोबर उडी मारून पुढच्या ओळीवर हजर. कुणाचा घसा बसलेला असला तर अख्खं गाणं ती न सांगता अर्धा स्वर खाली घ्यायची. समोरच्या कागदावर एक लिहिलेलं, बोटांतून निघतंय दुसरं, आणि परीक्षकांना पत्ता नाही. पोरं तिला मागून ‘विमा’ म्हणायची. तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिला त्याचा आनंदच होता.

यंदाची पाहुणी गायिका ही ताईची सख्खी धाकटी बहीण होती.

विभागप्रमुखांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या वर्षांत बोलला नाहीत, म्हणाले. तुम्ही विचारलं नाहीत, ताईने सांगितलं. पिकतं तिथं विकत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि बहिणीच्या नावावर आपला भाव वाढवून घेण्याइतकी ती खालच्या पायरीची नव्हती. शिवाय त्या गोष्टीला एक दुखरी बाजू होती. तरुणपणी धाकटी गायची आणि ताई वाजवायची. दोघी गावोगाव हिंडल्या. मग धाकटीला पहिला मोठा दौरा मिळाला आणि तिने साथीला दुसराच पियानोवादक घेतला. कारण तिने सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. आपला हात कमी पडला, असं ताईने आपलं आपणच ठरवलं आणि विद्यापीठातली नोकरी धरली. बोलणं काही तुटलं नाही. आई आजारी होती तेव्हा दोघी आळीपाळीने तिच्या उशाशी बसल्या. पण गाण्याचा विषय निघाला की दोघी मूग गिळून गप्प.

धाकटी आली ती एकच बॅग घेऊन, आणि बरीच वाळलेली. पाहुण्यांच्या खोलीत सामान टाकून ती सरळ तळमजल्यावरच्या सरावाच्या खोलीत आली. तिथे एक पियानो, दोन खुर्च्या आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. ताईच्या नोकरीचा बहुतेक काळ त्या खिडकीकडे बघण्यात गेला होता.

“मी गाणं थांबवतेय, ताई,” धाकटी म्हणाली. “थंडी संपली की थोड्या मैफली करायच्या आणि मग बास.”

साथीला कोण, असं ताईने विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं, समोरचे कागद सारखे करत.

“ठरवलं नाही अजून. इथल्या मैफलीला तू वाजव. मग बघू.”

त्या दिवशी ताई घरी जाताना बसचा आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेली आणि तिथून पाय ओढत परत आली. घरी तिने नखं कापली, ती आदल्याच दिवशी कापलेली असताना. कपाटाच्या तळातून मऊ तळव्यांचे जुने बूट काढले, पेडलवर आवाज न करणारे. नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, परीक्षा तिची आहे की तुझी? इतकी वर्षं मनात झाकून ठेवलेली हाव अशी उघड्यावर आल्याची तिला लाज वाटत होती. पण हाव होतीच. तिला धाकटीबरोबर जायचं होतं. तेवढं एकच तिला आयुष्याकडून अजून हवं होतं.

विद्यार्थ्यांच्या वर्गात धाकटी फार बोलायची नाही. ऐकायची, आणि नेमक्या जागी थांबवायची. एकदा एका मुलीने गाताना मधला तुकडाच गाळला. ताईने नेहमीसारखं तिला अलगद झेललं, गाणं पुढे गेलं, टाळ्या झाल्या. कुठे चुकलीस, असं धाकटीने त्या मुलीला विचारलं. मुलगी बावरली. तिला खरंच माहीत नव्हतं. धाकटी मग तिच्याकडे नाही, ताईकडे बघत राहिली. ताईला वाटलं, आपलं कसब तिच्या लक्षात आलं. ती मनातून सुखावली.

तालमी सुरू झाल्या. धाकटीचा आवाज खाली अजून भरलेला होता, मध्ये तर पूर्वीपेक्षा गोड. वर मात्र पातळ झाला होता. शेवटच्या गाण्यात एक उंच स्वर होता, बराच वेळ धरून ठेवायचा. पहिल्या तालमीत तो फाटला. दुसऱ्या तालमीत लागला, पण कसाबसा. तिसऱ्या वेळी पुन्हा फाटला, आणि त्या बंद खिडकीच्या खोलीत तो आवाज ताईला नको इतका स्पष्ट ऐकू आला.

अर्धा स्वर खाली घेऊ का, असं ताईने सुचवलं. कुणाला कळणारही नाही, म्हणाली.

“नाही. आहे त्याच पट्टीत. फाटला तर फाटू दे.”

ताई बरं म्हणाली. विषय संपला असं दोघींनाही वाटलं.

मैफलीला सभागृह भरलं होतं. विभागप्रमुख पहिल्या रांगेत, मागे पोरं, काहींच्या हातात फोन उभे धरलेले. धाकटी सुरेख गायली. ताईला तर मधली सगळी वर्षं गळून पडल्यासारखी वाटली. धाकटी श्वास कुठे घेणार हे तिच्या आधी ताईच्या मनगटांना कळत होतं. एकमेकींकडे पाहावंसुद्धा लागत नव्हतं. आपण खूप सुखात आहोत, असं ताईला वाजवता वाजवता वाटलं, आणि तसं ते खरंच होतं.

शेवटच्या गाण्याआधी धाकटी पाणी प्यायली. पेला ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. तिचा हात गळ्याशी जाऊन आला. हे फक्त ताईने पाहिलं. हिची फजिती होणार, इथे, या फोन धरलेल्या पोरांसमोर, या विभागप्रमुखांसमोर? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ताईने ठरवून केलं म्हणावं, तर तसं काही ठरवलं नव्हतं. हात आपसूक गेले म्हणावं, तर तेही खोटं. तिने गाण्याची सुरुवातीची धून वाजवली ती अर्धा स्वर खालून. धाकटीने तोच सूर धरला आणि ती गाऊ लागली. उंच स्वर आला तेव्हा तो सरळ, गोल, पूर्ण लागला. लोक उभे राहिले. विभागप्रमुख डोळे पुसत होते. ताईला वाटलं, जमलं. आता ही मला घेऊन जाणार.

सभागृह रिकामं झाल्यावर धाकटी रंगमंचाच्या कडेला बूट काढून बसली. ताई कागद गोळा करत होती.

“खाली घेतलंस, ताई.”

छान झालं ना पण, असं ताई म्हणाली.

“झालं ना. इतका सोपा आला तो स्वर, की तिथल्या तिथे कळलं मला.” धाकटी रागावलेली नव्हती. ती थकलेली होती. “तो माझ्याकडे आहे की गेला, ते मला आज बघायचं होतं. लोकांपुढे उभं राहून. गेला असेल तर पुढच्या मैफली करायच्याच नाहीत, असं ठरवलं होतं मी. आता मला काहीच माहीत नाही.”

ताईने गोळा केलेले कागद परत पियानोवर ठेवले.

“तेव्हाही तुला सोडून मी याच्यासाठीच गेले गं. तुझ्या हातात काही खोट नव्हती. पण तू मला पडूच द्यायची नाहीस. मी किती वाईट गात होते, ते मला दुसऱ्या माणसाने साथ केल्यावर समजलं.”

आपला हात कमी पडला नव्हता. एवढी वर्षं उराशी धरलेलं दुःख चुकीचं निघालं, तर माणसाला हलकं वाटायला हवं. ताईला तसं वाटलं नाही. निदान ते दुःख तिच्या सवयीचं होतं.

“वाजव पुन्हा,” धाकटी म्हणाली. “आहे त्या पट्टीत. आता कुणी नाहीये.”

ताई बसली. तिने नीट, मूळ पट्टीत सुरुवात केली. धाकटी अनवाणी उभी राहून गाऊ लागली. काही करायचं नाही, ताई स्वतःला बजावत होती, काही म्हणजे काही करायचं नाही. स्वर जवळ आला. धाकटीने श्वास घेतला, ताईला त्यातली थरथर कळली, आणि तिचा पाय पेडलवर दाबला गेला, डावा हात सगळ्या वजनानिशी खाली आला. पियानो सभागृहभर घुमला. त्या घुमण्यात धाकटीचा आवाज कुठे गेला ते कळलं नाही. टिकला की फाटला, तेही नाही.

घुमणं हळूहळू विरलं. धाकटी पियानोपाशी आली.

“लागला का गं?” तिने विचारलं. अगदी मनापासून विचारलं, लहानपणी विचारायची तसं.

ताईला ऐकूच आलं नव्हतं.

“लागला,” ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग जाऊन बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि थंडीनंतर साथीला दुसरं कुणीतरी बघते, असं मान वर न करता सांगितलं.